चांद्याच्या रानांतील एक लहान भाषा

भाषेचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य प्रथम लेखी पुरावा शोधतो. मराठीचा इतिहासकार अक्षीच्या शिळेजवळ थांबतो, महानुभावांच्या पोथ्या चाळतो आणि ज्ञानेश्वरीपाशीं येऊन निश्चिंत होतो. कारण तेथून पुढें त्याची वाट ग्रंथांनीं भरलेली आहे. परंतु जिच्या नांवें एकहि शिळा नाहीं, एकहि पोथी नाहीं आणि जिचे बोलणारे कधींच फार नव्हते, अशा भाषेला इतिहास असतो काय? असतो, मात्र तो तिनें स्वतः लिहिलेला नसतो. तो कांहींसा तिच्या शब्दांत दडलेला असतो आणि कांहींसा शेजाऱ्यांनीं, पाद्र्यांनीं व सरकारी मोजणीदारांनीं तिच्याविषयीं जें लिहून ठेवलें, किंवा लिहावयाचें राहून गेलें, त्यांत विखुरलेला असतो. जुन्या चांदा जिल्ह्यांतील नायकी ही अशी एक भाषा आहे. तिची कथा लांबलचक नाहीं. पण भाषा लहान कशी ठरते, आणि तिला लहान ठरविणारा कोण, हा प्रश्न त्या कथेंत जितका उघड होतो तितका मोठ्या भाषांच्या इतिहासांत क्वचितच होतो.

जुना चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे. चांद्याचें नांव १९६४ सालीं चंद्रपूर झालें आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. पश्चिमेस वर्धा, मध्यें वैनगंगा, दोघींच्या संगमानंतर प्राणहिता आणि दक्षिणेस सिरोंच्यापाशीं गोदावरी, अशा नद्यांनीं हा मुलूख बांधला आहे. भाषाहि येथें नद्यांसारख्याच एकमेकींस येऊन मिळतात. उत्तरेकडून व पश्चिमेकडून मराठी येते, दक्षिणेकडून तेलुगु, पूर्वेकडून छत्तीसगढी. मधल्या डोंगराळ रानांत गोंडी व तिची भामरागड-एटापल्लीकडील बोली माडिया. आणि पश्चिमेच्या अंगास कोलामी. या गर्दींत कोठें तरी नायकी आहे. भाषांच्या नकाशावर तिच्यासाठीं वेगळा रंग बहुधा उरत नाहीं.

या सर्व रानभाषांत मान गोंडीचा. चांद्यास गोंड राजांनीं राज्य केलें. नगराची स्थापना खांडक्या बल्लाळशहाच्या नांवाशीं जोडली जाते. सिरपूर, बल्लारपूर व चांदा या तीन राजधान्या त्या वंशाच्या म्हणून सांगतात. १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांनीं तें राज्य संपविलें व १८५४ पर्यंत भोसल्यांचें राज्यहि इंग्रजांच्या घशांत गेलें. पुढें चारच वर्षांनीं मोलमपल्लीचा जमीनदार बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत फांशीं गेला. अशा रीतीनें गोंडांस राजवंश आहे, किल्ला आहे, हुतात्मा आहे. आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें देशांत गोंडी बोलणारांची संख्या २९ लाख ८४ हजारांवर आहे. तरीहि ही राजाची भाषा दरबारच्या दप्तरांत रुजली असें दिसत नाहीं. आदिलाबादेकडील गुंजाळा गांवीं जुन्या गोंडी लिपींतील हस्तलिखितें उजेडांत आलीं तीं आपल्याच शतकांत, २००६ सालीं. जिच्या लोकांनीं सिंहासन भूषविलें तिची ही स्थिति. मग जिच्या लोकांना राजा नव्हता त्या भाषेची दप्तरांत काय दाद लागावी!

नायकीची गोष्ट सांगावयाची तर ती नागपुरापासून सांगावी लागते. स्टीफन हिस्लॉप नांवाचा स्कॉटलंडचा एक पाद्री १८४५ सालीं नागपुरास आला. दगडांचें आणि माणसांचें त्याला सारखेंच कुतूहल होतें. भूस्तरशास्त्रज्ञ म्हणून तर त्याचें नांव झालेंच, पण धर्मोपदेशासाठीं रानोमाळ हिंडतांना तो निरनिराळ्या जमातींच्या चालीरीति, गीतें आणि शब्द टिपून घेत असे. १८६३ सालीं पाण्यानें भरलेला ओढा ओलांडतांना तो बुडून मरण पावला. त्याचे कागद मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापवून प्रसिद्ध केले. गोंडांचें लिंगो-गीत सुशिक्षित जगापुढें प्रथम आलें तें याच पुस्तकांतून. त्याच पुस्तकांत पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील रानांत राहणाऱ्या 'नायकुडे गोंडां'ची नोंद आहे, आणि शब्दांच्या तुलनेच्या कोष्टकांत त्यांच्या बोलीसाठीं एक स्वतंत्र रकाना आहे.

येथें 'नायकुडे' आणि 'गोंड' हे दोन शब्द शेजारीं आले, आणि पुढील साऱ्या घोटाळ्याचें बीज येथेंच आहे. जमात स्वतःला गोंड म्हणवीत असेल किंवा शेजारी तिला गोंड म्हणत असतील, तर तिची बोली गोंडीच असली पाहिजे असें कोणासहि सहज वाटावें. वऱ्हाडांतला वाणी मारवाडी असला तरी बाजारांत मराठी बोलतो आणि त्याचा मुलगा पुढें घरींहि मराठीच बोलूं लागतो, हें आपण नित्य पाहतों. पण रानांतल्या माणसाविषयीं मात्र जात आणि भाषा एकच असल्याचें आपण गृहीत धरतों. हिस्लॉपच्या कोष्टकांतील रकाना वेगळा होता. परंतु कोष्टकें वाचणारे थोडे, नांवें वाचणारे पुष्कळ.

चाळीस वर्षांनीं हा गुंता सुटूं लागला. ग्रिअर्सनच्या देखरेखीखालीं हिंदुस्थानच्या भाषांचें जें सर्वेक्षण झालें त्याचा चौथा खंड १९०६ सालीं निघाला. त्यांत मुंडा व द्राविड भाषांचें विवेचन स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानें केलें. सर्वेक्षणाची रीत अशी कीं, जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनीं ठराविक मजकुराचीं स्थानिक भाषांतरें करवून पाठवावीं आणि पंडितानें तीं तपासून त्यांवरून भाषेचें कुलगोत्र ठरवावें. चांद्याकडून 'दर्वे गोंड' म्हणविणाऱ्या लोकांची नायकी अशीच कोनोपुढें आली. त्यानें ओळखलें कीं हे लोक गोंड म्हणवीत असले तरी त्यांची भाषा गोंडी नाहीं. ती वर्धा-यवतमाळकडील कोलामीच्या घरची आहे. बोलणारांची संख्या त्यानें दिली ती अवघी १९५. एवढ्या लहानशा लोकसमूहासाठीं त्या प्रचंड ग्रंथांत स्वतंत्र जागा राखली गेली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; तिची आठवण पुढें पडणार आहे.

कोनोचा निर्णय समजण्यास व्याकरण शिकण्याची गरज नाहीं; चार घरगुती शब्द पुरेत. पाण्याला गोंडी 'येर' म्हणते. कोलामी 'ईर' म्हणते. हा 'ईर' म्हणजे तेलुगु-कानडींतील आणि आपल्या काव्यांतील 'नीर', आरंभीचा 'न' गळालेला. घराला गोंडींत 'रोन' किंवा 'लोन'. कोलामींत 'एल्ला', म्हणजे तमिळ 'इल' व तेलुगु 'इल्लु' यांचा सखा. झाड गोंडींत 'मरा', कोलामींत 'माक'. कुत्रा गोंडींत 'नै', कोलामींत 'आते'. बाजारांत ऐकूं येणारे शब्द कोणीहि कोणाकडून उसने घेतो. परंतु पाणी, घर, झाड आणि दाराशीं बसलेला कुत्रा यांचीं नांवें मनुष्य आईकडून घेतो. कोलामी व नायकी या एका आईच्या मुली आणि गोंडी ही दूरच्या नात्यांतली, असें हे शब्द सांगतात.

यानंतरचें काम आपल्या परिचयाच्या एका गृहस्थानें केलें आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या नोकरींत असतां आदिलाबादच्या रानांत गोंडी व कोलामी या दोन्ही भाषा शिकले. त्यांचें कोलामीचें व्याकरण १९५० सालीं प्रसिद्ध झालें. वर्धा जिल्ह्यांतील कोलामीवर एमेनो या अमेरिकेंतील प्राध्यापकाचा ग्रंथ १९५५ सालीं निघाला. पुढें १९६१ सालीं सुधीभूषण भट्टाचार्य यांनीं खास चांद्याच्या नायकीवर निबंध लिहिला. तेव्हां असें दिसून आलें कीं 'नायकी' या नांवाखालीं दोन बोली नांदत आहेत: एक यवतमाळ-आदिलाबादेकडील, कोलामीस फार जवळची, दुसरी चांद्याची, थोडी अधिक वेगळी. म्हणून द्राविड भाषांच्या व्युत्पत्तिकोशांत आजहि एका 'नायकी'पुढें 'चांदा' असें लिहून तिला दुसरीपासून वेगळें ओळखावें लागतें. गोंडांच्या नांवाआड झांकलेली ही भाषा बाहेर आली, ती पुन्हां दुसऱ्या एका भाषेच्या नांवांत अर्धी अडकून.

कोलामी, नायकी आणि पूर्वेकडे बस्तरमधील परजी या भाषांचा मिळून एक गट होतो, असें अभ्यासक मानतात. नकाशा पुढें घेऊन पाहिलें तर कोलामी वर्धेच्या आसपास, परजी जगदलपूरच्या बाजूस, आणि मध्यें चांद्याची नायकी. दोन काठांच्या मधोमध पाण्याबाहेर राहिलेला एखादा खडक असावा तशी ती दिसते. यावरून असें अनुमान करावेसें वाटतें कीं कधीं काळीं या भाषांचा पट्टा सलग असावा आणि गोंडी बोलणारांच्या विस्तारानें तो मध्यें तुटला असावा. याला ताम्रपटाचा पुरावा मिळणार नाहीं; पण एक सामाजिक खूण अवश्य आहे. आदिलाबादेकडील गोंड आपल्या गांवच्या कित्येक देवतांची पूजा कोलाम पुजाऱ्याकडून करवितात. राज्य गोंडांचें, शेतें गोंडांचीं, परंतु त्या जमिनीच्या देवांशीं बोलण्याचा अधिकार कोलामांचा. ज्याचा भूमीशीं संबंध अधिक जुना त्यालाच हा अधिकार मिळावा, ही समजूत आपल्या खेड्यांतहि अनोळखी नाहीं.

या भाषांच्या संख्यावाचकांतहि इतिहासाचें एक पान आहे. कोलामींत एक ते चार हे आंकडे घरचे आहेत: ओक्कोद, इंदिंग, मूंदिंग, नालिंग. पांचापासून पुढें मात्र तेलुगु आंकडे येतात. गोंडीनें आपले घरचे आंकडे याहून पुढें टिकविले. कोलामाच्या घरांत मुलें, बैल आणि चुली मोजावयास चार पुरत असतील. पांचाच्या पुढची मोजणी धान्याची, पैशाची आणि कर्जाची, आणि ती मोजणारा समोरचा मनुष्य तेलुगु बोलणारा. वर्धेच्या अलीकडे त्याची जागा मराठी व्यापाऱ्यानें घेतली. व्यवहाराची सूत्रें दुसऱ्याच्या हातीं गेलीं म्हणजे भाषा कोणत्या पायरीपासून मागें सरूं लागते, हें या चार शब्दांवरून कळतें. शब्द उसना घेणें यांत हीनपणा नाहीं. आपण स्वतः फारसी व इंग्रजींतून हजारों शब्द घेतले आहेत. परंतु आपण घेतले ते आपली भाषा लिहीत व शिकवीत असतां घेतले.

आणि देणें एकतर्फी होतें असेंहि नाहीं. मराठींत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. 'आम्ही जेवलों' म्हणतांना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण जेवूं' म्हटलें कीं तो पंगतींत येतो. हिंदींत 'हम' या एका शब्दांत दोन्ही अर्थ कोंबावे लागतात. द्राविड भाषांत हा भेद जुना आहे, कोलामींतहि तो आहे. आणि फ्रँकलिन साउथवर्थसारख्या अभ्यासकांनीं मराठीच्या घडणींत द्राविड भाषा बोलणाऱ्या लोकांचा मोठा वांटा असल्याचें दाखविलें आहे. ज्या 'आपण'वर आपलें सौजन्य उभें आहे तो भेद आपल्या पूर्वजांनीं अशाच कोण्या शेजाऱ्यांच्या सहवासांत जोपासला असणें अगदीं संभवनीय आहे.

भाषेच्या आकाराचा आणि तिच्या दैवाचा संबंध केवळ आपल्याच देशांत दिसतो असें नाहीं. मेक्सिकोंतील नाहुआत्ल ही अॅझ्टेक साम्राज्याची भाषा. स्पॅनिश लोकांनीं तें साम्राज्य १५२१ सालीं बुडविलें, पण त्यांच्या पाद्र्यांनीं भाषा मात्र शिकून घेतली. तिचें व्याकरण १५४७ सालीं लिहिलें गेलें व शब्दकोश १५५५ सालीं छापला गेला. इंग्रजीचें पहिलें छापील व्याकरण त्यानंतर तीस वर्षांनीं आलें. आज मेक्सिकोंत ती भाषा बोलणारे सोळा लाखांवर आहेत. त्याच कुळांतील एक लहान भाषा दक्षिणेस एल साल्व्हादोर देशांत आहे. तिचें नांव नावात. तिला ना साम्राज्य लाभलें, ना तितका जुना कोश. १९३२ च्या जानेवारींत तेथील शेतकऱ्यांचें बंड लष्करानें अतिशय क्रूरपणें मोडलें. हजारों मूळनिवासी मारले गेले. त्यानंतर ओठांवर नावात येणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें झालें आणि आयांनीं मुलांशीं ती बोलणें सोडलें. उरलेले बोलणारे थोडेसे वृद्ध. परंतु २०१० सालीं सांतो दोमिंगो दे गुस्मान या गांवीं एक बालवाडी निघाली. तेथें त्याच वृद्ध स्त्रिया लहान मुलांना दिवसभर नावात बोलून वाढवूं लागल्या. आईच्या पिढीनें जें गिळलें तें आजीच्या पिढीनें परत दिलें.

चांद्याच्या रानांत भाषेवर अशी बंदूक कोणी रोखली नाहीं. येथें काम अधिक सभ्यपणें झालें, कागदावर झालें. १९६१ च्या खानेसुमारीनें लोकांनीं सांगितलेल्या मातृभाषांचीं १,६५२ नांवें छापलीं. १९७१ पासून असा नियम झाला कीं, जिचे बोलणारे दहा हजारांहून कमी ती भाषा स्वतंत्र दाखवावयाची नाहीं. २०११ सालीं लोकांनीं मातृभाषा म्हणून १९,५६९ निरनिराळीं नांवें लिहून दिलीं; चाळणी लावल्यावर भाषा उरल्या १२१. त्यांत कोलामी आहे. तिचे बोलणारे १ लाख २८ हजार. दहा हजारांच्या आंतील सर्व भाषा मात्र 'इतर' या एका शब्दांत बसल्या. परकी सरकारच्या ग्रंथानें १९५ माणसांची भाषा नांवानिशीं छापली होती. आपल्या सरकारच्या नियमानें तोच आंकडा आज छापला जाणार नाहीं. शिवाय मोजणीदारानें जात विचारून त्यावरूनच भाषा लिहिली, किंवा सांगणारानेंच भिडेखातर 'मराठी' सांगितलें, तर ती भाषा 'इतर'मध्येंहि पोहोंचत नाहीं.

ही गोष्ट मराठी माणसानें हलक्यानें घेऊं नये. भाषेवरून प्रांत असावा या तत्त्वासाठीं आपण लढलों आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र मिळविला. राजुऱ्याचा मुलूख पूर्वीं आदिलाबादेंत होता. तो मराठी म्हणून आपल्याकडे आला आणि १९५९ सालीं चांद्यास जोडला गेला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपणांस धन्यता वाटली. ज्या तत्त्वानें आपणांस हें सर्व दिलें तेंच तत्त्व गोंडीचा मुलूख पांच-सहा राज्यांत वांटून मोकळें झालें, आणि कोलामी-नायकीपर्यंत तर पोहोंचलेंच नाहीं. घटनेंत १९५६ सालीं घातलेलें ३५० अ हें कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची सोय करावी असें सांगतें. तें कलम चांद्याच्या रानांतहि लागू आहे.

असें शिक्षण अशक्य आहे म्हणावें तर तेंहि खरें नाहीं. १९४३ सालीं, निजामाच्या राज्यांत, आदिलाबादेकडील मारलावायी येथें मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या योजनेनें गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें आणि मुलांसाठीं नागरी लिपींत गोंडी वाचनपुस्तकें केलीं गेलीं. आपल्या गडचिरोलींत धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ सालीं मान्यता नाहीं म्हणून तिला शिक्षणखात्याची नोटीस आली. नियमाचा अर्थ नियम करणारे जाणोत. पण गांवकऱ्यांनीं आपल्या मुलांना आपल्या भाषेंत शिकविण्यासाठीं शाळा काढावी आणि तेवढ्यासाठीं त्यांना खुलासा करावा लागावा, हें दृश्य टिळक-आगरकरांच्या शाळेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजास शोभत नाहीं.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो: दोनचारशें माणसांच्या भाषेसाठीं एवढा खटाटोप कशास? त्यांनीं मराठी शिकावी, त्यांतच त्यांचें हित आहे. त्यांस उत्तर असें कीं, मराठी ते शिकलेलेच आहेत. बाजार, कचेरी व दवाखाना यांसाठीं कोलामाला आणि नायकी बोलणाराला मराठी बोलावीच लागते; कित्येकांस तेलुगु व गोंडीहि येते. एका अर्थानें ते आपल्यांतील पुष्कळ पदवीधरांहून अधिक बहुभाषी आहेत. प्रश्न त्यांनीं आपली भाषा शिकावी हा नसून, आपली शिकतांना स्वतःची टाकावी लागूं नये हा आहे. मुलाच्या पाटीवर पहिल्या दिवशीं परका शब्द आला तर तें मूल गप्प बसतें. आणि गप्प बसलेल्या मुलास शाळा मंद ठरविते.

यासाठीं मोठा निधि लागत नाहीं. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांत या रानांतलींच मुलें आहेत. त्यांच्यांपैकीं चारदोघांनीं नायकी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांपाशीं बसून त्यांचीं गाणीं, शिव्या, औषधें, झाडांचीं नांवें आणि नात्यांचे शब्द ध्वनिमुद्रित करावेत, आणि मोजणीदार येईल तेव्हां आपल्या भाषेचें नांव स्पष्ट सांगावें, एवढें शिकवितां येईल. परदेशांतल्या एका पंडितानें आलेल्या नमुन्यांवरून १९०६ सालीं १९५ माणसांच्या भाषेची जेवढी दखल घेतली, तेवढी तरी दखल त्यांच्या दाराशीं असलेल्या विद्यापीठानें आणि आपण मराठी वाचकांनीं घ्यावी, ही अपेक्षा फार मोठी नाहीं.